अडीच अन् अडीच किलोचा घाणा

दिवाळीला आठ दिवस राहिलेत. काल आमच्या सूनबाईनं, मृणालनं, खोक्यातली बिस्किटं केली. खोक्यातली म्हणजे विकतची नव्हेत. खोक्यावर चित्र केकचं, आत पीठही केकचंच, आणि ही बाई त्याची बिस्किटं करणार. मी म्हटलं, "अगं, केकच्या पिठाची बिस्किटं? हे म्हणजे पुरणाच्या डाळीतून आमटी काढल्यासारखं झालं." ती हसली. "तसंच समजा आई. काही म्हणजे काही करायचं नाही. हे पीठ, दोन अंडी, अर्धी वाटी तेल. कालवायचं, गोळे मांडायचे, बारा मिनिटं." आणि खरंच, मी समया घासून पुसून ठेवल्या तोवर बिस्किटं तयार. ना चाळणं, ना मळणं, ना रांग. मी एक खाल्लं. मऊ होतं, बेताचं गोड होतं. "झालीत गं चांगली," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. तिला वाटलं मला आवडली नाहीत. आत नवऱ्याला हळूच म्हणालीसुद्धा, "आईंना अंड्याचा वास आला वाटतं."

अंड्याचा कसला वास! मला वास येत होता बाभळीच्या जळत्या लाकडांचा, तापलेल्या पत्र्याचा, वितळलेल्या तुपाचा. बेकरीवाले पिठात एक पांढरी पूड टाकतात. भट्टीचं तोंड उघडलं की तिचा भपकारा थेट नाकात घुसतो आणि डोळ्यांत पाणी येतं. आमची दिवाळी त्या भपकाऱ्यानं सुरू व्हायची. उटण्याबिटण्याचं नंतर.

बजाजनगर तेव्हा नुकतं वसत होतं. अर्ध्या प्लॉटवर घरं, अर्ध्यावर घाणेरीची झुडपं. कंपनीचा भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची, आणि पुढची पाळी जाईपर्यंत रस्त्यावर धूळ उडत राहायची. कुणी वैजापूरचं, कुणी परतूरचं, कुणी बीडकडचं. आम्ही वेरूळकडचे. माझ्या सासरी मेंढरं होती, माहेरीही मेंढरंच. ह्यांना वाळूजच्या कंपनीत यंत्रावर काम लागलं आणि आम्ही दोघं दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आलो. घोंगडीच्या जागी गादी आली. मला तर पहिले सहा महिने त्या गादीवर झोपच लागेना.

मधल्या भिंतीपलीकडं कमल राहायची. भिंत एका विटेची. तिकडं फोडणी पडली की इकडं शिंक यायची. तिचा नवरा ह्यांच्याच कंपनीत, बहुतेक वेळा ह्यांच्याच पाळीला. ती बौद्ध, आम्ही धनगर, हे दोघींनाही पहिल्या आठवड्यातच कळलं होतं आणि त्यावर दोघी काही बोललो नव्हतो. नळाला पाणी पहाटे यायचं. जिला आधी जाग येईल तिनं भिंतीवर उलथन्याच्या दांड्यानं दोनदा वाजवायचं, एवढा आमचा करार. "इंदे, उठ गं, करंगळीएवढी धार हाय," असं ती भिंतीपलीकडून ओरडायची. माझ्या लेकाच्या वेळी दिवस भरले तेव्हा ह्यांची पाळी होती, सासूबाई गावाकडं. रिक्षात मला मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं ते कमलनं. तिची सुजाता तेव्हा दोन-अडीच वर्षांची असेल. तिला शेजारी टाकून आली होती बिचारी.

आता बिस्किटांचं सांगते. आजच्या मुलींना हे खरं वाटत नाही, पण तेव्हा बिस्किटं विकत आणायची नसत, करून आणायची असत. घरून मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, दूध, वेलदोडे असं सगळं डब्यांतून घेऊन बेकरीवर जायचं. वाळूज गावात एक जुनी बेकरी होती, चाचांची. पांढरी दाढी, गुडघ्यापर्यंत पीठ, तोंडात सदा सुपारी. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस त्यांचा पाव बंद आणि बायकांची बिस्किटं सुरू. लाकडाच्या मोठ्या काठवटीत पीठ मळायचं, सोऱ्यासारख्या मोठ्या यंत्रातून त्याच्या रेघारेघांच्या पट्ट्या पाडायच्या, बोटाएवढे तुकडे करून पत्र्यांवर मांडायचे आणि लांब दांड्याच्या फळीनं पत्रे भट्टीत सारायचे. सगळं आपल्या डोळ्यांसमोर. आपलं पीठ, आपलं तूप, आपला नंबर.

चाचांचा एकच नियम होता. पाच किलोच्या खाली घाणा लावायचा नाही. कमी पिठाला यंत्र नीट धरत नाही, पट्टी तुटते. आणि पाच किलोची बिस्किटं आम्हा दोन-तीन माणसांच्या घरात कोण खाणार? म्हणून बायका जोड्या करायच्या. अडीच तुझं, अडीच माझं. आमची जोडी पहिल्याच दिवाळीला ठरली. मी वेलदोडा घालायची, कमल बडीशेप. ती म्हणायची वेलदोड्यानं तोंड कडू पडतं, मी म्हणायची बडीशेप काय बाळंतिणीला असते. शेवटी दोन्ही एकाच काठवटीत पडायचं आणि जे काय निघायचं ते कुणाच्याच घरच्यासारखं लागायचं नाही. फार चांगलं लागायचं.

सकाळी डोक्यावर डबे घेऊन निघायचं, नंबराला बसायचं, बरोबर नेलेली भाकरी-चटणी बाहेरच्या लिंबाखाली खायची. बायका एकमेकींच्या डब्यात डोकावायच्या. कुणी तूप कमी घातलं की चाचा ओरडायचे, "अम्मा, इसमें घी नक्को बोले क्या डॉक्टर?" सगळ्या जणी खो खो हसायच्या. दुपारी आमचा पत्रा बाहेर यायचा. पहिलं बिस्किट गरम असताना मऊच असतं, पण धीर कुणाला? दोघी जिभा भाजून घ्यायचो. मग वाटणी. एक पत्रा तुझा, एक पत्रा माझा, शेवटचा उरला की निम्मा-निम्मा. तेलाच्या चौकोनी डब्यात जुन्या पेपरचा कागद घालून बिस्किटं भरायची आणि उन्हं कलायच्या आत घरी. चार दिवाळ्या आम्ही असं केलं. त्या दिवसांत मी सुखी होते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पाचवी दिवाळी आली ती नामांतराच्या धामधुमीत. आपल्या विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून कमलची माणसं कितीतरी वर्षं झगडत होती. मोर्चे काढत होती, लाठ्या खात होती. नाव बदलू नये म्हणून बाकीचे तेवढेच हट्टाला पेटलेले. मी लहान होते तेव्हा ह्याच पायी गावोगाव बौद्धांची घरं जळाल्याचं ऐकलं होतं. मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि आम्ही आत आलो की गप्प व्हायची. आता पुन्हा तसंच वारं सुटलं होतं. आज बंद, उद्या बंद. एसटीच्या काचा फुटायच्या. कंपनीत माणसं शेजारी-शेजारी यंत्रावर उभी, पण डबा खायला दोन वेगळ्या कोपऱ्यांत बसायला लागली. आमच्या नळावर मात्र तसं काही झालं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्या दिवाळीला सासूबाई गावाकडून आल्या. येताना शेळीच्या चिकाचा खरवस आणला, घरचं तूप आणलं, आणि गावाकडच्या बातम्या आणल्या. सासूबाई वाईट नव्हत्या. हे मी आता त्या नाहीत म्हणून म्हणत नाही. उभा जन्म मेंढरांमागं चालून त्यांच्या टाचा चिरलेल्या होत्या. मेंढरं बसवायला पाटील वावरात बोलवायचा, खत पाहिजे म्हणून. पण त्याच्या ओट्यावर त्यांना कधी बसायला मिळालं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तरी बिस्किटांचा विषय निघाला तेव्हा मला म्हणाल्या, "औंदा आपलं आपण करू. तूप आणलंय मी. पाचाचं पाच आपलंच घालू."

मी म्हटलं, "कमलला सांगितलंय मी. दर साली आमचं एकत्र असतं."

"आसंल. मी तुझ्या हातचं खाईन. दुसऱ्याचं काय कालवलंय ते मला ठावं नाय. या सालात तर नायच नाय. गावाकडं कळलं तर पोरीच्या सोयरिकीचं काय?" पोरीच्या म्हणजे माझ्या नणंदेच्या. तिचं लग्न ठरत होतं.

हे बाजूलाच पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी पान उलटलं. पुढं कधी विषय निघाला की म्हणायचे, "मी बरं झालं म्हणत नाय, वाईट झालं असंही म्हणत नाय." असला माणूस! पण त्यांना कशाला बोल लावू? जीभ माझ्याही तोंडात होती.

दुसऱ्या दिवशी नळावर मी कमलला सांगितलं, "औंदा आम्ही गावाकडं चाललोय गं दिवाळीला. बिस्किटं नाय करायची."

"व्हय? मंग मी बघते कुणी जोडीला भेटतंय का," ती म्हणाली. "तुझ्या लेकरासाठी ठेवीन वाटीभर, आल्यावर घेऊन जा." आणि माझी कळशी भरावी म्हणून तिनं आपली अर्धी भरलेली बाजूला घेतली.

तीन दिवसांनी मी आणि सासूबाई बेकरीत गेलो. मी मुद्दाम उशिराची वेळ धरली होती. म्हटलं, कुणी ओळखीचं नको. चाचांनी आमचा मैदा काठवटीत ओतला, मध्ये आळं केलं, तूप घातलं. शेजारी नुकतेच भट्टीतून काढलेले पत्रे रचले होते, त्यांची धग गालाला लागत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "इंदे? गावाला नाय जायचं व्हय आता?"

कमल होती. डब्यात तिचं अडीच किलो, पदराला धरून सुजाता. पोर तेव्हा सहा वर्षांची. सकाळपासून जोडी शोधत बसली होती म्हणे, त्या दिवशी कुणाचं ना कुणाचं काहीतरी निघत होतं. कुणाची जोडी आधीच ठरलेली, कुणाचं पीठ पुरतं होतं. मला बघून तिचं तोंड असं फुललं की काय सांगू. तिला वाटलं, गावचा बेत रद्द झाला. दुसरं काही तिच्या मनात आलंच नाही.

चाचांच्याही नाही आलं. दर साली आम्हाला एकत्र बघायची सवय. "अरे, आज अलग-अलग कैसे आये? दोनों का एकीच घाना ना, हमेशा का?" असं म्हणत त्यांनी कमलच्या हातातला डबा घेतला आणि माझ्या पिठावर उपडा करायला सुरुवात केली.

मी सासूबाईंकडं बघितलं. त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला. आणि मी हात पुढं घातला, काठवटीवर आडवा धरला आणि केवढ्यांदा ओरडले, "नको! चाचा, थांबा! त्यांचं आमच्यात नका घालू!"

पीठ माझ्या मनगटावर पडलं. बेकरीत दहा-बारा बायका होत्या, सगळ्या वळून बघायला लागल्या. आत भट्टीत एक लाकूड फुटलं. चाचा डबा तसाच तिरका धरून एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले. म्हातारा माणूस, त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तसं त्यांनी मान खाली घातली, पत्र्याच्या तुकड्यानं वरवरचं पीठ खरवडलं आणि तिच्या डब्यात परत टाकलं. मैद्यात मैदा. कुठलं कुणाचं, हे त्यांना तरी काय कळणार होतं?

"राहू द्या चाचा," कमल म्हणाली. "इंदूबाईंचं लावा आधी." एरवी मी तिची इंदे होते. तिनं डब्याला झाकण लावलं, सुजाताचा हात धरला आणि बाहेर गेली. लिंबाखालीही थांबली नाही. एका हातात डबा, एका हातात पोर, तशी रस्त्याला लागली. त्या साली तिच्या घरी बिस्किटं झाली नाहीत.

माझी झाली. चाचांनी करून दिली. तिचं मूठ-दोन मूठ पीठ त्यात गेलंच असणार, आणि सासूबाईंनी ती बिस्किटं आवडीनं खाल्ली. मीही खाल्ली. घशाखाली उतरली नाहीत वगैरे म्हणायला मला आवडलं असतं, पण खोटं कशाला सांगू? चहात बुडवून खाल्ली. डबा संपेपर्यंत खाल्ली.

माणूस स्वतःला किती सवलती देतं! मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले की नणंदेचं लग्न होतं, सासूचा धाक होता, वय चोवीस होतं, दिवसच तसे होते. सगळं खरं आहे. पण सासूबाईंनी मला ओरडायला सांगितलं नव्हतं. चाचांना हळूच बाजूला घेऊन काहीतरी सांगता आलं असतं. पिठात सोडा वेगळा आहे म्हणाले असते तरी चाललं असतं. ते दहा-बारा जणींसमोरचं ओरडणं माझं स्वतःचं होतं. मला सासूबाईंना दाखवायचं होतं, मी कुणाची आहे ते.

कमल भांडली नाही. भांडली असती तर मी रडले असते, पाया पडले असते, काहीतरी मोकळं झालं असतं. नळावर दिसली की "बरं हाय ना?" एवढंच. मी "बरंय" म्हणायची. भिंतीवर उलथनं वाजायचं बंद झालं. पहाटे मी कान देऊन पडून राहायची आणि मग आपली आपण उठायची.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाला नवं नाव मिळाल्याचं जाहीर झालं. आमच्या ओळीतल्या काही दारांना कड्या लागल्या, काही दारांत दिवे लागले. कमलच्या घरची सगळी पांढरे कपडे घालून विद्यापीठाच्या दरवाजापाशी जाऊन आली. परत आल्यावर ती पेढे वाटत फिरली. माझ्या दाराशीही आली. सासूबाई तेव्हा गावाकडं होत्या, हे कामावर. मी एकटी होते. सगळं बोलायला ह्याहून चांगली वेळ मला कोण देणार होतं? मी हात पुढं केला. तिनं पेढा जरा वरून सोडला, माझ्या हाताला तिचं बोट लागू न देता. मुद्दाम केलं नसेलही. "गोड खा," म्हणाली आणि पुढच्या दाराला गेली. चैत्रात त्यांनी घर बदललं, शहराकडं गेले. टेम्पोत सामान चढवताना मी खिडकीतून बघत होते.

त्यानंतर तीस वर्षं गेली. शेंद्र्याकडं नव्या कंपन्या आल्या, आमचं स्वतःचं घर झालं, शहराचं नाव बदललं, चाचांच्या बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. दर दिवाळीत मी ठरवायची की कमलचा पत्ता काढायचा. ह्यांच्या जुन्या सोबत्यांना विचारलं असतं तर एका दिवसात मिळाला असता. विचारला नाही. यंदाच्या श्रावणात ह्यांनाच कुणीतरी सांगितलं, "कमलवहिनी गेल्या. महिना झाला."

मी गेले. एकटीच गेले, ह्यांचे गुडघे चालत नाहीत. सुजाता शाळेत शिकवते, शहरात तिचा फ्लॅट आहे. तिच्या नवऱ्यानं दार उघडलं. समोरच्या भिंतीवर कमलचा फोटो होता. केस पिकलेले, चष्मा लावलेला. ही कमल मी कधी पाहिलीच नव्हती. सुजातानं मला ओळखलं. "इंदूमावशी!" म्हणून गळ्यातच पडली. दोघी रडलो. मग ती बोलत राहिली. आई शेवटी शेवटी बजाजनगरच्याच गोष्टी काढायची, नळाच्या, भिंतीच्या. चहा आला. सुजातानं बोलता बोलता माझा उजवा हात हातात घेतला आणि उलटा करून बघितला.

"मावशी, हात नंतर नीट बरा झाला ना तुमचा?"

"कुठला हात गं?"

"असं काय? बेकरीत भाजला होता ना! मी लहान होते, पण मला आठवतंय. तुम्ही केवढ्यानं ओरडलात! मी रस्ताभर रडत होते, मावशी आपल्यावर का ओरडली म्हणून. आई म्हणाली, येडे, आपल्यावर नाय ओरडली. गरम पत्र्याला हात लागला तिचा, लई भाजला. मग त्या दिवाळीत मी तुमच्याकडं यायचा हट्ट केला तर म्हणायची, मावशीचा हात दुखतोय, तरास देऊ नको."

कमल मला वाचवत राहिली होती, एवढंच मला तेव्हा कळलं. वाटलं, हिच्यासमोर तरी आता खोटं नको. कमलला नाही सांगता आलं, तिच्या लेकीला सांगू, म्हणजे सुटेन. मी म्हणाले, "हात भाजला नव्हता, बाळा." आणि सगळं सांगितलं. सासूबाई, गावाला जायचं खोटं, काठवट, मी काय ओरडले ते शब्दन् शब्द. सांगताना माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि अंग हलकं होत होतं.

सुजाता ऐकत होती. माझा हात अजून तिच्या हातात होता. माझं बोलणं संपल्यावर तिनं तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"आईनं कधीच नाही सांगितलं," ती म्हणाली. "मला आत्ता कळतंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कमलनं मला झाकलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला झाकलं होतं, आपल्याला कुणी असं ओरडून दूर सारतं हे तिला कळू नये म्हणून. तीस वर्षं तिनं ते सांभाळलं, मरेपर्यंत सांभाळलं. आणि मी आपलं ओझं उतरवायला आले आणि ते त्या पोरीच्या डोक्यावर ठेवून मोकळी झाले.

"चहा गार झाला मावशी," सुजाता उठत म्हणाली. "दुसरा आणते."

ती आत गेली. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत राहिला. मी कमलच्या फोटोकडं बघायचं टाळत बसले.

चहा तिच्या नवऱ्यानं आणला.